मस्तगडची शिडाची नाव

अक्का, टिटवी अजून दुकानातच आहे. हे आधी सांगून टाकते, कारण तू समोर असतीस तर पहिल्यांदा तेच विचारलं असतंस. मी कशी आहे, तुझा संदीप सावरला का, हे सगळं नंतर.

तुला जाऊन महिना होत आला. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भन्तेजींचं प्रवचन झाल्यावर नातेवाईक एकेक करून बोलायला उठले. ‘सुलोचनाबाई फार सोशिक होत्या,’ असं तुझ्या धाकट्या दिरानं माइक हातात घेऊन सांगितलं आणि माणसांनी माना डोलावल्या. मी पहिल्या रांगेत ओठ चावत बसले होते. सोशिक? तू? दाजी गेले तेव्हा हाच दीर त्यांचं जुन्या लाकडाचं दुकान मोडीत काढायला निघाला होता. तू दुकानाला कुलूप घातलंस, किल्ली कमरेला खोचलीस आणि दारात उभी राहून म्हणालीस, ‘दुकान मी चालवणार. ज्याला लाकूड कळतं त्यानं मदतीला थांबावं, बाकीच्यांनी चहा पिऊन जावं.’ चहा पिऊन गेला तो. त्याला ते आठवत नसेल, मला आठवतं. त्या दिवसापासून जालन्याच्या मस्तगडात पडलेल्या घरांच्या चौकटी, दारं, तुळया विकत घेऊन, घासूनपुसून विकणारी एकच बाई होती. मेलेल्या माणसाला लोक मऊ करून टाकतात, अक्का. तुला मी मऊ होऊ देणार नाही.

टिटवी तुझ्याकडे आली तीसुद्धा भंगारातून. पैठणकडून कुणीतरी ती ट्रकवर घालून जालन्याच्या एमआयडीसीत आणली होती. भंगारवाल्याला हवं होतं तिच्या पोटाखाली बसवलेलं शिसं. ते त्यानं कापून घेतलं आणि उरलेलं लाकूड तुझ्या गळ्यात मारलं. तू मला घनसावंगीला फोन केलास. मी शाळेत होते, सातवीला नद्या शिकवत होते.

‘मंदे, सागवान आलंय. जहाजाचं. पाच-सहा पलंग बसल्याजागी निघतील.’

मी रविवारी आले तेव्हा ती दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आडवी पडली होती. खोलीभर लांब, निमुळती, रंगाचे पोपडे आलेली. तुझे मिस्त्री गफूरभाई पत्रीनं मागच्या फळीवरचा रंग खरवडत होते. निळ्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली हिरवा, आणि हिरव्याखालून अक्षरं वर आली. खोल कोरलेली, देवनागरी अक्षरं. टिटवी.

तू हातातला कप खाली ठेवलास आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवलंस.

‘इंग्रजीत असतं तर कापली असती,’ तू म्हणालीस. ‘हे तर आपल्यातल्या कुणीतरी लिहिलंय. विचारल्याशिवाय कसं कापावं?’

‘कुणाला विचारणार?’

‘जिची न्हाई तर ज्याची होती त्याला.’

गफूरभाई म्हणाले, ‘आपा, पलंग का आर्डर लिया है ना? लोगां पूछरे.’

‘दुसऱ्या लाकडाचे द्या. हिला करवत लावायची न्हाई.’

मला वाटलं, आठ दिवसांचं खूळ आहे. पण तू संभाजीनगरच्या एका दुकानदाराकडून कळवून घेतलंस की वाळलेल्या नावेच्या फळ्या आकसतात, त्यांना ओल लागते. मग तू रोज गोणपाटं भिजवून तिच्या अंगावर टाकायला लागलीस. जालन्यात! जिथं नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक. शेजारच्या मोहल्ल्यातल्या बाया चिडून आल्या. त्यातली एक तोंडावर म्हणाली, ‘आमी घागरीसाठी उन्हात उभ्या अन् तुमी लाकडाला आंघोळ घालून राह्यल्या?’ तू काही रागावली नाहीस. म्हणालीस, ‘बाई, माझ्या वाटणीची आंघोळ हिला घातली. मी पुसून घेते ओल्या फडक्यानं. तुमच्या घागरीला हात लावला असंल तर सांगा.’ त्या गेल्या. तू खरंच फडक्यानं पुसून घेत होतीस, हे मला संदीपनं फार नंतर सांगितलं.

तिचा मालक शोधायला आपण निघालो तो सगळा प्रवास मला पाठ आहे. मी फोनवर विचारू म्हणत होते आणि तू म्हणत होतीस, ‘फोनवर माणूस न्हाई म्हणून मोकळा होतो. दारात उभं राह्यलं की पाणी तरी विचारतो.’ भंगारवाल्यानं पैठणच्या मासेमारी ठेकेदाराचं नाव दिलं. ठेकेदारानं धरणावरच्या एका इंजिनिअरांचं. ते वारलेले. त्यांच्या पत्नी संभाजीनगरला भेटल्या. त्यांनी सांगितलं की साहेब दर रविवारी एकटेच नाथसागरावर शीड लावून जायचे आणि येताना गप्प गप्प यायचे, फार सुखी. ‘माझी सवत होती ती,’ बाई हसून म्हणाल्या आणि मग डोळे पुसत राहिल्या. नाव साहेबांनी घेतली होती खडकवासल्याहून, बदली होऊन चाललेल्या एका लष्करी अधिकाऱ्याकडून. मग आपण पुण्याला. तिथं खडकवासल्याला शिडाच्या नावा दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ भेटले. मराठीत कोरलेलं नाव म्हटल्यावर त्यांनी लगेच मान वर केली. ‘ती गिरगावच्या डॉक्टरांची. त्यांची मुलगी इथंच असते, कोथरूडला.’

प्रत्येक दारात तुला लोकांनी एकदा नीट न्याहाळून पाहिलं, अक्का. नऊवारी नाही, भारी साडी नाही, कानात साधी फुलं, बोलणं जालन्याचं. ‘तुमचा काय संबंध?’ असं सगळ्यांनी विचारलं. अंकुशनगरला ऊस तोडणाऱ्या बापाच्या लेकी आपण, शर्यतीच्या नावेशी आपला काय संबंध असणार? तू दर वेळी एकच सांगायचीस, ‘मालकीण हाय मी तिची.’ आणि हात जोडून ‘जयभीम’ घालून खुर्चीवर बसायचीस, कुणी बस म्हणायच्या आधी.

डॉक्टरांच्या मुलीनं, कुमुदताईंनी, दार उघडलं तेव्हा त्या काठीवर होत्या. पंचाऐंशीच्या पुढे वय, केस पांढरेशुभ्र, आवाज मात्र खणखणीत. तू फोनमधला कोरलेल्या नावाचा फोटो त्यांच्यापुढे धरलास. त्यांनी चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला.

‘हे बाबांनी कोरलंय,’ त्या म्हणाल्या. ‘कुठे आहे ती?’

‘माझ्याकडं. जालन्याला. सावलीत हाय, ओली हाय.’

त्या खाली बसल्या. मग दुपारभर बोलत राहिल्या. नाव मुंबईतच बांधलेली, एका इंग्रज साहेबाची. साहेब देश सोडून चालला तेव्हा त्यांच्या वडिलांनी ती विकत घेतली आणि सगळ्यांत आधी तिचं इंग्रजी नाव तासून काढलं. शिडाच्या नावांच्या क्लबातली माणसं हसली. टिटवी म्हणे! मग त्याच टिटवीनं मुंबईच्या बंदरात त्यांच्या नावांना मागे टाकलं. वडील सुकाणूवर, भाऊ पुढच्या शिडावर, कुमुदताई पाणी उपसायला. एका वर्षी त्यांनी मोसमातला सगळ्यांत मोठा कप जिंकला. पुढच्या वर्षी शर्यतीच्या तोंडावर वडिलांचं मनगट मोडलं.

‘दादानं सुकाणू धरून पाहिलं. त्याला जमेना, नाव सापासारखी वळवळायची. तोच म्हणाला, कुमे, तू धर. पण त्या शर्यतीत बाईनं सुकाणूवर बसायचं नाही असा नियम होता. मग अर्जावर नाव दादाचं, डोक्यावर टोपी दादाची, सदरा दादाचा. आत मी.’

‘अन् मंग?’ तू पदर कमरेला खोचून बसली होतीस, जणू तुलाच शर्यतीला उतरायचं होतं.

‘अर्ध्यात वारा पडला. ओहोटी उलटी. सगळे खोल पाण्यात अडकून बसले. मी किनाऱ्याच्या कडेकडेनं घेतली, तिथं पाण्याची ओढ कमी असते. नाव घासली असती तर संपलंच होतं. दादा ओरडत होता, कुमे, दगड, दगड! मी नाही वळवली.’

जिंकल्या त्या. कप दादानं घेतला. क्लबाच्या भिंतीवरच्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत दादाचं नाव लागलं, अजून आहे. टाळ्या घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता म्हणे. तो पुन्हा कधी शर्यतीत उतरला नाही. कुमुदताईंचं लग्न झालं आणि सुकाणू सुटलं ते सुटलंच.

‘मंग फळ्यावर तुमचं नाव कामून न्हाई लावून घेतलं?’ तू विचारलंस.

‘आता कशाला? दादा गेला. माझ्यासाठी खोटं बोलला तो आयुष्यात एकदाच. त्याचं नाव पुसून माझं लावू?’

तू कमरेचा पदर आणखी घट्ट खोचलास. मी ओळखलं, ही आता ऐकणार नाही.

जालन्याच्या गाडीत बसल्यावर आपलं जे भांडण झालं ते तुझ्या शेवटापर्यंत मिटलं नाही. तू म्हणालीस, क्लबात जाऊन फळा बदलून घ्यायचा. मी म्हणाले, जिचं आहे तिलाच नको, तर तू कोण? तू म्हणालीस, ‘ती भावाला भिऊन राह्यली, मेलेल्या भावाला.’ मी म्हणाले, भीत नाहीत, जपतात. प्रेम आहे ते. आणि मग मला राग आला, मी बोलून गेले, ‘तुझ्या दुकानावर अजून दाजींच्याच नावाची पाटी आहे. आधी ती बदल.’

पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला. तू खिडकीकडे तोंड केलंस. तिकडे बघतच म्हणालीस, ‘ती पाटी मी ठेवलीय. माझ्या मर्जीनं. त्या कुमुदताईला कुणी विचारलं व्हतं?’

पण माझा मुद्दा मी सोडलेला नाही, अक्का, हे तूही ऐकून ठेव. दुसऱ्याच्या न्यायासाठी भांडताना त्या दुसऱ्याचं मन मोडायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

तू संदीपला घेऊन मुंबईला गेलीसच. क्लबाच्या फाटकावर बराच वेळ उभं केलं तुम्हाला. आत गेल्यावर एका सद्गृहस्थानं फार गोड भाषेत सांगितलं की नोंदी आहेत तशाच राहतात. पण तिथंच आणखी एकानं टिटवीचं नाव ऐकलं आणि तो महिन्याभरात मस्तगडात हजर झाला. जुन्या लाकडी नावा जमवण्याचा नाद असलेला माणूस. वाईट नव्हता. शेडमध्ये येऊन त्यानं बूट काढले, नावेच्या पोटावरून हात फिरवला. म्हणाला, मला विका, मी हिला पहिल्यासारखी करीन, परत मुंबईच्या पाण्यात उतरवीन, हिचा सगळा इतिहास पितळी पाटीवर कोरून लावीन. त्यानं मजकूरसुद्धा आणला होता. संदीपनं मोठ्यानं वाचला. मालक कोण कोण, कप कोणते, कप्तान कोण.

‘कप्तानाचं नाव चुकलंय,’ तू म्हणालीस.

‘बाई, माझ्याकडे क्लबाच्या फळ्याचा फोटो आहे. तुमच्याकडे काय आहे?’

‘माझ्याकडं बाई हाय.’

‘त्या लिहून देतील?’

कुमुदताई लिहून देणार नव्हत्या हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं.

‘मंग राहू द्या,’ तू म्हणालीस. ‘खोट्या नावानं माझी नाव जाणार न्हाई.’

सगळ्यांनी तुला येडी ठरवलं. संदीप चार दिवस बोलला नाही तुझ्याशी. तू गफूरभाईंना सांगून एका कारखान्यातून तिच्या पोटाखाली लावायला लोखंडाचं वजन ओतून घेतलंस. मी फोन केला की विचारायचीस, ‘बंधाऱ्यात पाणी किती?’ आमच्या घनसावंगीजवळ गोदावरीवर बंधारा आहे, पावसाळ्यानंतर तिथं पाणी तुंबतं. तिथं नेणार होतीस तू तिला. तुला पोहता येत नव्हतं. विहिरीत डोकावतानासुद्धा माझा हात धरायचीस.

आणि एका दुपारी गिऱ्हाइकाला चौकट दाखवता दाखवता खाली बसलीस ती उठली नाहीस. मी पोचेपर्यंत संपलं होतं. मला बोलायचं होतं, अक्का. भांडायचं होतं आधी, मग बोलायचं होतं. मी दहावी झाले तेव्हा बापानं माझं लग्न ठरवलं होतं, ते तुला कळल्यावर तू एसटीनं अंकुशनगरला आलीस, सोयऱ्यांच्या देखत माझ्या हाताला धरलंस आणि म्हणालीस, ‘हिला मी नेते. लग्न करायचं तर माझं करा दुसऱ्यांदा.’ तुझं नुकतंच लग्न झालं होतं, सासरी तुझा स्वतःचा पाय टेकला नव्हता. दुकानाच्या माळ्यावर, उभ्या करून ठेवलेल्या दारांच्या मध्ये मला अभ्यासाला जागा करून दिलीस. त्याच माळ्यावरून मी शिक्षिका होऊन उतरले. याबद्दल मी तुला कधी एक शब्द म्हटला नाही. म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, ‘बरं, मंग चहा टाक.’

कुमुदताईंना तू गेल्याचं मीच कळवलं. त्या म्हणाल्या, ‘मी येते.’ मी म्हटलं, एवढ्या लांब, या वयात, नका येऊ. ‘मी विचारलं नाही तुम्हाला,’ त्या म्हणाल्या.

परवा आल्या. भाचीनं गाडी चालवत आणलं. घरी न थांबता थेट दुकानात गेल्या. गफूरभाईंनी दारं-खिडक्या बाजूला सारून वाट केली. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हात टिटवीच्या कडेवर ठेवले आणि तशाच उभ्या राहिल्या. आम्ही कुणी जवळ गेलो नाही.

मग मला म्हणाल्या, ‘तुम्हाला माहीत आहे, सुलोचनाबाई मला दर रविवारी फोन करायच्या?’

मला माहीत नव्हतं. संदीपलाही नव्हतं.

‘मला वाटायचं, आता फळ्याचा विषय काढतील, मग काढतील. मी उत्तर तयार ठेवून बसायची. एकदाही काढला नाही. फक्त विचारायच्या, वारा फिरला की शिडाचं काय करायचं? दोरी कुठल्या हातात? नाव कलली की कुठं बसायचं? इतक्या वर्षांत मला कुणी हे विचारलं नव्हतं, हो. मी सांगत गेले. सांगता सांगता मला ती दुपार सगळी आठवली. दगडसुद्धा.’

ज्या भांडणात मी तुला इतकं सुनावलं, ते तू तिकडे नेलंच नव्हतंस.

त्यांनी संदीपला त्या नावा जमवणाऱ्या मुंबईच्या गृहस्थांना फोन लावायला सांगितला. त्यानं लावला, आवाज मोठा केला. सगळं दुकान ऐकत होतं, रस्त्यावरची दोन माणसंसुद्धा आत आली.

‘मी कुमुद बोलतेय. टिटवीच्या डॉक्टरांची मुलगी. तुमच्या पाटीवर कप्तानाचं नाव चुकलंय. त्या शर्यतीत सुकाणूवर मी होते. माझा भाऊ पुढच्या शिडावर होता आणि त्यानं ते फार चांगलं सांभाळलं, हेही लिहा.’

पलीकडून तो अदबीनं काहीतरी म्हणाला, पुरावा वगैरे.

‘पुरावा मी आहे. या, समोर बसा, वारा कुठल्या बाजूनं होता तेही सांगते.’

‘ताई, मी क्लबात बोलून बघतो. ते मान्य करतील की नाही...’

‘बोला किंवा बोलू नका. मी विचारत नाहीये. सांगतेय.’

आणि फोन संदीपच्या हातात दिला. संदीप माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता हा विक्रीचं काढतो. तुझा मुलगा आहे, पण बापासारखा हिशेबीही आहे. त्यानं फोन कानाला लावला आणि म्हणाला, ‘साहेब, क्लबाचं काय ते कळवा. पण टिटवी आमी देणार न्हाई. आमच्याकडं पाणी हाय.’ गफूरभाईंनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

क्लब फळा बदलणार नाही, मला माहीत आहे. बदलला तर बदलला. कुमुदताईंना आता त्याची वाट बघायची नाही, त्यांनी मोठ्यानं सांगून टाकलंय, आणि मस्तगडातल्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ते ठाऊक झालंय. तू जिंकलीस असं मी अजून म्हणत नाहीये. मला अजून विचार करायचाय. पण फोन करून वाऱ्याबद्दल विचारत राहण्याची तुझी ती रीत, ती मला शिकवली नाहीस, याचा राग आहे माझा तुझ्यावर. मोठा राग आहे.

जाण्याआधी कुमुदताईंनी मला विचारलं, बंधारा कधी भरतो. मी सांगितलं. तेव्हा येते म्हणाल्या, मला उचलून आत बसवावं लागेल, माणसं तयार ठेवा. पुढच्या शिडावर कोण बसणार? संदीप म्हणाला, मावशी बसंल.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

‘पोहता येतं?’

‘नाही.’

‘मग दोरी सोडायची नाही. मी ओरडले तरी नाही.’